क्रोएशियाला जाताना रोजच्या वापरातली कुठली वाक्यं शिकावीत?

सांजवारा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये नवरा आणि आई-बाबांबरोबर क्रोएशियाला जायचं ठरलंय. झाग्रेब, प्लितवित्सेची तळी, झादार, स्प्लित, कोर्चुला बेट आणि शेवटी दुब्रोवनिक असा बेत आहे. २०२३ पासून तिथे युरो चालतो आणि शेंगेन व्हिसाही चालतो, त्यामुळे ती बाजू सोपी झाली.

प्रश्न भाषेचा आहे. पर्यटकांच्या भागात इंग्रजी चालतं हे वाचलंय. पण आई-बाबा बऱ्याचदा दोघंच फिरतील, आणि आई कडक शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. त्यांनी तर वही घालून ठेवलीय आणि "जाणार तिथलं चार शब्द बोलता आलं पाहिजे" म्हणून मागे लागलेत. रोज अर्धा तास देता येईल. मोबाईलवरच्या शिकवण्या सुरुवातीलाच "मुलगा सफरचंद खातो" शिकवतात, त्याचा बस स्थानकावर काय उपयोग? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा: आधी काय शिकावं आणि काय सोडून द्यावं?

घाटवळण

माझं मत विचाराल तर भाषेवर वेळ घालवू नका. किनाऱ्यावरची हॉटेलं, तिकीट खिडक्या, बोटी, सगळीकडे चांगलं इंग्रजी बोलतात. मेनूकार्डावर मोबाईलचा कॅमेरा धरला की भाषांतर मिळतं. तोच अर्धा तास बेटांवर जाणाऱ्या बोटींची वेळापत्रकं बघण्यात घाला. ती हंगामाप्रमाणे बदलतात आणि बोट चुकली तर अख्खा दिवस जातो.

तिरफळ

वेळापत्रकाबद्दल घाटवळण यांना +१. बाकीच्याबद्दल नाही. हॉटेलात न राहता घरगुती खोली घेतलीत (बाहेर 'सोबे' किंवा 'अपार्तमानी' अशी पाटी असते), तर घरमालकीण बहुतेक वेळा साठीच्या पुढची असते. या पिढीतल्या अनेकांना इंग्रजीपेक्षा जर्मन जास्त येतं, इस्त्रियाकडे (वायव्येकडचं द्वीपकल्प) इटालियन. आमच्या झादारच्या काकूंशी आम्ही खाणाखुणा आणि वीसेक शब्दांवर बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातले अंजीर आणून दिले.

दुकानात शिरताना मान वर करून 'दोबार दान' म्हणायची तिथे पद्धत आहे. न बोलता थेट इंग्रजीत भाव विचारणं उद्धट वाटतं. एवढं एक केलंत तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

बोरीबंदर

वाचतोय. आम्हीही पुढच्या वर्षी.

दर्यावर्दी

व्यापारी जहाजांवर इंजिनात काम करतो. क्रोएशियन कॅप्टन आणि चीफ इंजिनियर यांच्याबरोबर माझी बरीच नोकरी झालीय. त्यांच्याकडचे खलाशी जगभर आहेत, तसे आपले कोकणातलेही आहेत, त्यामुळे जहाजावर ही भाषा कानावर पडतेच. पाठ न करता माझ्या तोंडी बसले ते शब्द सांगतो.

'मोझे' (यातला झ 'ट्रेझर'मधला). आपल्या 'चालेल'सारखा हरकामी शब्द. बिल हवंय? "मोझे राचुन?" कार्ड चालेल? "मोझे कार्तित्सा?" समोरचाही "मोझे" म्हणतो. सूर वर नेला की प्रश्न, खाली आणला की होकार.

'इमा' आणि 'नेमा': आहे आणि नाही. "इमा ली वोदे?" पाणी आहे का? उत्तर 'इमा' किंवा 'नेमा'. दुकानदाराने 'नेमा' म्हटलं की वाद संपला.

'पोलाको': हळू, सावकाश. कोणी भरभर बोलायला लागलं की "मोलिम वास, पोलाको". दाल्मातियात (स्प्लित-दुब्रोवनिककडची किनारपट्टी) याच अर्थी 'पोमालो' जास्त ऐकाल, आणि तिथे ती जगण्याची रीतच आहे.

'मोलिम' म्हणजे कृपया. पण 'ह्वाला' (धन्यवाद) म्हटल्यावर उत्तरही 'मोलिम', ऐकू आलं नाही तर 'मोलिम?', आणि फोन उचलल्यावरही 'मोलिम'.

नीरजा_प

दर्यावर्दी, हे फार उपयोगी आहे. यातूनच मला महत्त्वाचं वाटतं ते सांगते.

सगळे जण प्रश्न पाठ करून जातात. छान उच्चारात "बस स्थानक कुठे आहे" विचारतात. समोरच्याला वाटतं यांना भाषा येते, आणि तो दोन मिनिटं धो धो बोलतो. आपल्या हाती काहीच लागत नाही, आणि मग माणूस परत तोंड उघडत नाही. म्हणून ज्याचं उत्तर कळेल तेवढेच प्रश्न शिकायचे, आणि निम्मा वेळ ऐकण्यावर घालवायचा.

"ग्द्ये ये...?" (कुठे आहे) शिकायचं असेल तर आधी उत्तरं शिका: 'लियेवो' डावीकडे, 'देस्नो' उजवीकडे, 'राव्नो' सरळ. "कोलिको कोश्ता?" (कितीला) विचारायचं असेल तर आधी शंभरापर्यंत आकडे कानाने ओळखता यायला हवेत. नाहीतर विचारून काय करणार?

दुकानात तुम्हाला हमखास ऐकू येईल ते असं: 'इझ्वोलिते' (या, बोला, घ्या, काय हवंय, सगळं यात आलं), 'योश नेश्तो?' (आणखी काही?), 'गोतोविना इली कार्तित्सा?' (रोख की कार्ड?). हे तीन कानात बसले की बाजार करता येतो. झाग्रेबच्या दोलात्स बाजारात सकाळी उभं राहून नुसतं ऐका. भाजीवाल्या मावश्या हीच तीन वाक्यं दिवसभर म्हणत असतात.

घाटवळण

नीरजा, मुद्दा पटला. माझा विरोध वाक्यांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याला होता. अशी वीस-पंचवीस असतील तर जरूर शिकावीत.

सांजवारा

बाबांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. त्यांचा प्रश्न: क्रोएशियन रोमन लिपीत लिहितात, मग वाचायचं कसं? अक्षरांवरच्या खुणा बघून ते गोंधळलेत.

रानभूल

बाबांना सांगा, घाबरू नका. ल्युदेवित गाय या गृहस्थांनी १८३० मध्ये या लिपीची घडी बसवून दिली, आणि एका ध्वनीला एक खूण हे तत्त्व जवळजवळ पूर्णपणे पाळलं जातं. देवनागरीची सवय असलेल्याला इंग्रजी स्पेलिंगपेक्षा हे कितीतरी सोपं.

मराठी माणसाची तर चांगलीच सोय आहे. त्यांचा 'सी' हा 'चमचा'तला च. म्हणून रस्ता म्हणजे 'उलित्सा'. डोक्यावर खूण आली की तो 'चार'मधला च. हे दोन च हिंदीभाषकाला मुद्दाम शिकावे लागतात, आपण रोज वापरतो. ही खूण दोन प्रकारची असते आणि त्या दोन च-मध्ये बारीक फरक आहे, पण प्रवाशाने तो सोडून द्यावा. झाग्रेबमधले बरेच लोकही तो करत नाहीत. 'जे' म्हणजे य. एसवर खूण म्हणजे श.

बाबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे स्वर म्हणून येणारा र. 'क्र्क' नावाचं मोठं बेट आहे, १९८० पासून पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं. चौक म्हणजे 'त्र्ग'. यात अ, इ, उ काही नाही, र हाच स्वर. आपण मराठीत ऋचा 'रु' करून टाकला, तिथे तो जिवंत आहे. आघात शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जवळपास कधीच येत नाही, म्हणून सुरुवातीला जोर दिला तर बहुतेक वेळा बरोबर ठरतं.

मुक्ताई_नाशिक

झाग्रेबच्या आसपासच्या बोलीत 'काय' म्हणजे काय, हे कोणी सांगितलं की नाही? तिथे 'काय' म्हणजे 'काय'च! प्रमाण भाषेत 'श्तो', किनाऱ्यावर आणि बेटांवर 'चा', आणि झाग्रेबकडे 'काय'. क्रोएशियनच्या तीन मुख्य बोलींची नावंच या प्रश्नावरून पडलीत: श्तोकावस्की, चाकावस्की आणि कायकावस्की. ट्राममध्ये दोन बायका एकमेकींना "काय?" म्हणताना ऐकल्यावर मी अक्षरशः वळून बघितलं.

तिरफळ

आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगा: तिथे 'बाबा' म्हणजे आजी किंवा म्हातारी बाई, 'मामा' म्हणजे आई, आणि 'पिता' म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, इंग्रजीतला 'पाय'. मोरे आडनावाच्या मंडळींचं विशेष अभिनंदन, तुमच्या नावाचा अख्खा समुद्र आहे. 'यादरान्स्को मोरे', म्हणजे एड्रियाटिक.

बोरीबंदर

मोरेच आहे मी :) आता जाणं आलंच.

दर्यावर्दी

एक शब्द मात्र गंमत म्हणून सोडू नका: 'सात' म्हणजे तास. बोटीवाला "झा सात" म्हणाला तर तासाभराने. सात वाजता म्हणायचं तर "उ सेदाम साती". आपला कान नेमका इथे फसतो. वेळ विचारली की आकडा लिहूनच घ्या.

पुरणपोळी_प्रेमी

शाकाहाराबद्दल लिहिते, कारण आमच्या घरात सगळे शाकाहारी आहेत आणि क्रोएशियात आम्ही उपाशी राहिलो नाही.

नुसतं "मी शाकाहारी" (बाईने 'वेगेतारियान्का', पुरुषाने 'वेगेतारियानात्स') म्हणून भागत नाही. काही ठिकाणी मासे चालतात असं गृहीत धरतात. त्यामुळे पूर्ण वाक्य पाठ करा: "ने येदेम मेसो, रिबू नी याया". मांस, मासे आणि अंडी खात नाही. पदार्थ दाखवून विचारायचं: "इमा ली ओव्दये मेसा?" यात मांस आहे का? सुपाचं वेगळं विचारा, भाजीच्या सुपातही हाडांचा रस असू शकतो. 'ग्राह' म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची आमटी, दिसायला अगदी आपली, पण तिच्यात स्मोक केलेलं डुकराचं मांस बहुधा असतंच. 'स्लानिना', 'शुंका', 'प्रशुत' हे तीन शब्द मेनूत दिसले की पुढे सरका, तिन्ही डुकराचे.

काय खायचं? 'ब्लित्वा' म्हणजे पालकासारखी पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात. किनाऱ्यावर ती माशाबरोबर देतात, पण वेगळी मागता येते. स्प्लितजवळच्या पोल्यित्सा भागात 'सोपार्निक' मिळतो: दोन पातळ पोळ्यांमध्ये हीच पालेभाजी भरून चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला. अंडं नाही, दूध नाही, आपल्या आईला नक्की आवडेल. झाग्रेबला 'श्त्रुक्ली' प्रसिद्ध आहेत, ताज्या चीजच्या, पण त्यात अंडं असतं, आईंना नको. बेकरीत 'बुरेक सा सिरोम' चीजचा, तोही विचारूनच घ्या.

जैन मंडळींसाठी: 'बेझ लुका' कांद्याशिवाय, 'बेझ चेश्न्याका' लसणाशिवाय.

सांजवारा

पुरणपोळी_प्रेमी, कुठल्या शब्दांत आभार मानू! आईला वाचून दाखवलं, तिची निम्मी काळजी मिटली. आता तिचा एकच प्रश्न: चहा?

पुरणपोळी_प्रेमी

त्यांच्याकडे चहाला 'चाय'च म्हणतात, पण नुसतं 'चाय' मागितलं की फळांचा किंवा कॅमोमाइलचा काढा पुढे येतो. आपल्याला हवा तो "त्सर्नी चाय स म्लियेकोम". काळा चहा दुधासह. दूध गार मिळतं. सवय असेल तर कॉफीच घ्या, 'बियेला कावा', भरपूर दुधाची.

खडकवासला_कट्टा

संस्कृत शिक्षक बाबांसाठी. दोन म्हणजे 'द्वा', तीन 'त्री', चार 'चेतिरी', दहा 'देसेत', शंभर 'स्तो'. भाऊ 'ब्रात', आई 'माती', धूर 'दिम', मध 'मेद', उजवा 'देस्नी' म्हणजे आपला दक्षिण. क्रोएशियन संस्कृतमधूनच निघाली आहे हे उघड दिसतं.

रानभूल

शब्द बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. संस्कृत आणि स्लाव्ह भाषा एकाच जुन्या मूळ भाषेच्या फांद्या आहेत. एक दुसरीची लेक नाही.

या विषयात क्रोएशियन नाव अभिमानाने घ्यावं असं आहे. इव्हान फिलिप वेझ्दिन, ऑस्ट्रियातल्या क्रोएशियन कुटुंबात १७४८ मध्ये जन्मलेले कार्मेलाइट धर्मगुरू. केरळात बरीच वर्षं राहिले, आणि रोमला परतल्यावर १७९० मध्ये त्यांचं संस्कृत व्याकरण छापलं गेलं. युरोपात छापलेलं ते पहिलं संस्कृत व्याकरण. बाबांनी हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.

आणि विभक्ती. क्रोएशियनमध्ये सात आहेत, संबोधन धरून. हाक मारताना 'गोस्पोदिने!' (अहो साहेब), 'गोस्पोजो!' (अहो बाई). गावाची नावंही बदलतात: स्प्लितला जाणारी 'झा स्प्लित', स्प्लितहून 'इझ स्प्लिता', स्प्लितमध्ये 'उ स्प्लितू'. आपण पुण्याला, पुण्याहून, पुण्यात म्हणतोच की. ज्याला सामान्यरूप येतं त्याला यात नवल वाटायला नको.

खडकवासला_कट्टा

दुरुस्ती मान्य. पण मग तिकिटं मागताना आकड्यानुसार शब्द का बदलतो? एक 'कार्ता', दोन 'कार्ते', पाच 'काराता'?

रानभूल

दोन, तीन आणि चारला एक रूप, पाचपासून पुढे दुसरं. हा जुन्या द्विवचनाचा अवशेष आहे. संस्कृतात द्विवचन दोनपुरतंच होतं, इथे त्याचा पसारा चारपर्यंत वाढला. सांजवारा, तुम्ही चौघे आहात, म्हणून "चेतिरी कार्ते झा स्प्लित, मोलिम" एवढंच लक्षात ठेवा. बाकीची रूपं गेली तरी चालतील. चुकीच्या रूपानेही तिकीट मिळतं.

घाटवळण

वेळापत्रकावर परत येतो. तिथले महिने आंतरराष्ट्रीय नावांनी नसतात. सप्टेंबर 'रुयान', ऑक्टोबर 'लिस्तोपाद' (पानं गळण्याचा), जून 'लिपान्य', जुलै 'स्र्पान्य' (विळ्याचा, कापणीचा). बंदरावरच्या छापील पाटीवर हेच असतं. 'राद्निम दानोम' म्हणजे कामाच्या दिवशी, 'नेद्येल्योम इ ब्लागदानोम' म्हणजे रविवारी आणि सणाला. गाड्या नेणारी बोट 'त्रायेक्त', फक्त माणसांची जलद बोट 'कातामारान'. दोन्हींचे धक्के वेगळे असू शकतात.

आणि जुलै २०२३ पासून तिथली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. दुकानदाराला वर्षातले १६ रविवारच उघडता येतं, आणि ते बरेचसे उन्हाळ्यातच वापरले जातात. दारावर 'झात्वोरेनो' म्हणजे बंद, 'ओत्वोरेनो' म्हणजे उघडं. शनिवारीच आईंचं दूध-फळं घेऊन ठेवा.

नर्मदाकाठ

बेलग्रेडला नोकरीनिमित्त राहते. सर्बियनवाल्यांना क्रोएशियात आणि उलटही सगळं समजतं. पण क्रोएशियात 'क्रूह' (पाव) म्हणा, 'ह्लेब' नको. स्थानक 'कोलोद्वोर', रेल्वेगाडी 'व्लाक'. भाषेचं नाव घ्यायचं तर 'ह्र्वात्स्की' म्हणा. "तुमची आणि सर्बियन एकच ना?" हे सहज म्हणून विचारू नका. नव्वदच्या दशकात तिथे युद्ध झालंय, ज्यांची घरं गेली ते लोक तुमच्यासमोर कॉफी पीत बसलेले असतात.

मुक्ताई_नाशिक

हे लिहिलंत ते फार बरं झालं.

आणि आपण कुठले हे सांगताना "या साम इझ इंदिये" म्हणा. 'इंदियात्स' आणि 'इंदियका' म्हणजे भारतीय पुरुष आणि स्त्री. 'इंदियानात्स' म्हणजे अमेरिकेतले मूलनिवासी.

तिरफळ

दुब्रोवनिकचं एक राहिलं. तिथले रक्षक संत म्हणजे स्वेती व्लाहो. जुन्या गोव्याजवळ साव ब्राझ नावाचं छोटं चर्च आहे ना, तेच हे संत. सोळाव्या शतकात दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांची तिथे वस्ती होती असं मानलं जातं, आणि क्रोएशियन पाहुणे ते बघायला मुद्दाम येतात. दुब्रोवनिकमध्ये घरमालकांना "आम्ही गोव्याच्या शेजारचे" म्हणून सांगितलं तर गप्पांना विषय मिळेल.

सांजवारा

किती मिळालं या धाग्यात! बाबांनी वहीचे दोन भाग केलेत: 'बोलायचं' आणि 'ऐकायचं'. नीरजा, तुमच्या सांगण्यावरून दुसरा भाग मोठा ठेवलाय.

शेवटची शंका. आईला मधुमेह आहे आणि ती दोन गोळ्या घेते. दोघंच बाहेर असताना काही झालं तर?

नीरजा_प

हे पाठ करण्यावर अजिबात सोडू नका. मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या खिशात ठेवा, आणि ज्याला दाखवायचं त्याला वाचता यावं म्हणून रोमन लिपीतच लिहा. एका ओळीत 'इमाम दियाबेतेस' (मला मधुमेह आहे), खाली गोळ्यांची मूळ औषधी नावं, ब्रँडची नव्हे, कारण आपले ब्रँड तिथे कोणी ओळखणार नाही. त्याखाली तुमचा फोन नंबर आणि राहण्याचा पत्ता.

तोंडी तीनच यायला हवेत: 'उपोमोच!' (मदत करा), 'ल्येकार्ना' (औषधांचं दुकान, बाहेर हिरवा क्रॉस) आणि 'त्रेबाम लियेच्निका' (डॉक्टर हवाय). रुग्णवाहिकेला १९४, आणि सगळ्यासाठी मिळून ११२. दुखतंय हे सांगायला "बोली मे" म्हणून त्या जागेवर हात ठेवला तरी पुरे.

दर्यावर्दी

त्या कागदावर 'शेचेर' हा शब्दही लिहा. साखर. आईंना चक्कर आली आणि जवळ फक्त कॅफे असेल तर वेटरला तोच दाखवायचा.